नुसता हिरवा वाफा

४ ऑगस्ट

रसायनशास्त्राची प्रॅक्टिकल वही कॉलेज सोडल्यावर इतकी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. जाड पुठ्ठा, एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला चौकटी. पुढची पानं मी तेव्हाच टराटरा फाडली होती (मी काहीही फाडतो ते टराटराच फाडतो). मागची कोरी उरली. त्यांत आजपासून ही दैनंदिनी.

म्हातारपणी वाचताना गोंधळ नको म्हणून थोडक्यात इतिहास. प्रयोगशाळेत उभ्या नळीतून थेंब थेंब सोडायचा आणि खालच्या चंबूतल्या पाण्याला फिकट गुलाबी छटा आली की थांबायचं. सगळ्यांना छटा दिसली. मला दिसली नाही, कारण ती नव्हतीच. मी सोडत राहिलो. सर अख्ख्या वर्गापुढे म्हणाले, "डोळे घरी ठेवून आलास का?" मी म्हणालो, "डोळे जागेवर आहेत सर, छटा तुमच्या मनात आहे." इथवर ठीक होतं. पुढे मी चंबू आपटला. मग बाहेर पडताना एक जळजळीत वाक्य टाकायचं होतं, ते नेमकं पायऱ्या उतरल्यावर सुचलं. परत वर जाऊन ते म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून कॉलेजच सोडलं.

बाबांचा निकाल असा: वर्ष संपेपर्यंत मामाच्या रोपवाटिकेत टिकलो तर ठीक, नाहीतर काकाच्या सिमेंटच्या गोदामात, दूरच्या गावी, पोत्यांवर देखरेख. बाबा निकाल शांतपणे देतात, त्यामुळे त्यांच्याशी नीट भांडताही येत नाही.

९ ऑगस्ट

मामाकडे गुलाब, मोगरा असलं काही नाही. सगळी शोभेची पानझाडं. क्रोटन, कोलियस, कॅलेडियम, ड्रॅसिना. कोलियसला तुरा आला की मामा तो नखाने पट्कन खुडतो. मी म्हणालो, "बिचाऱ्याला फुलू तर दे." मामा म्हणाला, "फुलाच्या नादी लागलं की पानांचं वाटोळं करतं ते." हे बोलताना तो कोलियसकडे न बघता माझ्याकडे का बघत होता, कळलं नाही. मी तर अजून कुणाच्याच नादी लागलेलो नाही.

आज एक बाई आल्या. फाटकाशी ठेवायला लालभडक क्रोटन हवा होता. मी सगळ्यात देखणा निवडून दिला. जाड पान, वर तकाकी, देठ ताठ. बाई म्हणाल्या, "हा हिरवा आहे." मी म्हणालो, "नीट बघा." त्या म्हणाल्या, "नीटच बघतेय." मग जे व्हायचं ते झालं. मामाला मधे पडून दुसरं रोप द्यावं लागलं. ते मला पहिल्यापेक्षा काही वेगळं वाटलं नाही, उलट जरा मरतुकडंच होतं.

"गिऱ्हाइकाला आंधळी म्हणालास?" मामाने विचारलं.

"आंधळी नाही म्हणालो. चष्मा बदला म्हणालो."

"अरे, पण बाईंना चष्मा नव्हता!"

मामी पदरात तोंड घालून हसत होती. म्हणाली, "चष्म्यावरून आठवलं, माझाच नंबर तपासायचा राहिलाय. बुधवारी तू मला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन चल. तेवढीच इकडे शांतता."

१३ ऑगस्ट

झालं. माझं वाटोळं झालं.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी, ती बसते. डॉक्टर नव्हे. चष्म्याचा नंबर काढते. मामीच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरून विचारत होती, "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" इतकंच. पण ज्या तऱ्हेने विचारत होती! मामीचं उत्तर काहीही असो, तिला ते आधीच आवडलेलं असावं असा आवाज. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलो होतो आणि मनातल्या मनात प्रत्येक काचेला उत्तर देत होतो. हे. नाही, हे. हेच.

बाहेर आल्यावर मामी म्हणाली, "तुझे कान का तापलेत?"

२० ऑगस्ट

माझाही नंबर तपासायला गेलो. दूरचं नीट दिसत नाही असं सांगितलं. तिने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. खोटं बोलून चुकीची वाचायची ठरवली होती, पण ऐन वेळी तिच्यापुढे हुशारी दाखवायचा मोह आवरेना. सगळ्यात खालची बारीक ओळसुद्धा घडाघडा वाचली. तिच्याही खाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

ती हसली. "डोळे उत्तम आहेत तुमचे. इतकी चांगली नजर क्वचित बघायला मिळते."

२१ ऑगस्ट

इतकी चांगली नजर क्वचित बघायला मिळते.

२९ ऑगस्ट

पुन्हा गेलो, जवळचं दिसत नाही म्हणून. तिने वर्तमानपत्र वाचायला दिलं, मी ते वाचलं. ती म्हणाली, "आता काहीतरी खरोखर होईपर्यंत येऊ नका." पण हसत म्हणाली. अगदी हसतच म्हणाली असं नाही. तिच्या तोंडावर जांभई आली होती आणि ती दाबताना हसल्यासारखं झालं. माझ्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं.

२ सप्टेंबर

नशीब कधी कधी माझ्यासारख्या मूर्खावरही मेहेरबान होतं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्वतः मामाला बोलावलं. दारापुढच्या उतारावर मोठा वाफा करायचाय, थेट तिच्या खिडकीखाली!

डॉक्टरांचं म्हणणं ठाम होतं. "नुसतं हिरवं. फूल नको, रंगीबेरंगी काही नको. माणसाच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली की त्याला समोर गार हिरवं दिसलं पाहिजे." हा वाफा मनासारखा झाला तर मागच्या नव्या इमारतीभोवतीची सगळी बागही मामालाच.

परत येताना मामाने खताचं पोतं उचललं आणि "आई गं" म्हणून तिथेच बसला. कंबर. आता तो पलंगावर पालथा पडून आहे आणि मामी शेक देतेय. पालथ्यानेच मला म्हणाला, "वाफा तू कर. रोपं तू निवड. आणि भांडू नकोस."

"कुणाशी?"

"रोपांशीसुद्धा."

५ सप्टेंबर

रोपं निवडणं हे काही साधं काम नाही. सिंगोनियमची पानं छान, पण त्याला सावली लागते आणि उतारावर दिवसभर रणरणतं ऊन. कॅलेडियम थंडीत झोपी जातं, नुसती माती उरते. पांढऱ्या पट्ट्यांच्या गवताला डॉक्टर रंगीबेरंगी म्हणतील. मामाने पलंगावरून ओरडून सांगितलं, "अल्टरनँथेरा लाव. बुटका. कात्रीने कापत राहिलं की गालिच्यासारखा बसतो. हिरवी जात डावीकडच्या ट्रेंमध्ये, लाल उजवीकडच्या. गफलत करू नकोस."

सावलीच्या जाळीखाली जाऊन दोन्ही नीट पाहिल्या. मामाची ती 'लाल' जात! रोपवाटिकावाल्यांना अतिशयोक्तीची सवयच असते. दोन्हीची पानं तेवढीच, उंची तेवढीच. दुसरी फार तर चिमूटभर सावळी. बाजूबाजूला धरून डोळे बारीक केले तेव्हा कुठे फरक जाणवला. माझ्यासारख्या नजरेलाच एवढे कष्ट पडले, तर बाकीच्यांना काय दिसणार?

आणि तिथेच, ट्रेंपुढे उकिडवा बसलेला असताना, मला ते सुचलं. आर्किमिडीज निदान टबात तरी होता, मी गांडूळखतात होतो.

हिरव्या वाफ्यात त्या सावळ्या जातीने अक्षरं लावायची. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसता हिरवा गालिचा. डॉक्टरांना नुसता हिरवा गालिचा. पण वरून, त्या एका खिडकीतून, जिचं कामच बारकाईने बघणं आहे तिला, एक दिवस हळूच दिसेल. फक्त तिला.

आज मामीने पुन्हा तोच विनोद केला. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "एक मोजा लाल, एक हिरवा. सर्कशीत चाललास का?" दोन्ही मोजे अगदी सारखे होते. मी हसलो नाही. एकच विनोद किती वेळा करायचा?

६ सप्टेंबर

काय लिहायचं यावर दिवस गेला. तिचं नाव लिहिणं म्हणजे आगाऊपणा. माझं लिहिणं म्हणजे जाहिरात. एक चारोळी केली होती, पण तिला वाफा पुरला नसता, आणि मोकळं सांगायचं तर तिची योग्यताही एवढ्या रोपांची नव्हती. शेवटी ठरलं:

हो म्हण.

कशाला हो म्हणायचं ते मी तिला अजून विचारलेलंच नाही, हा एक बारीकसा तपशील. पण उत्तर आधी आलं तर प्रश्न विचारायला धीर येतो.

वहीच्या चौकटीच्या पानावर अक्षरं काढली. एक चौकट म्हणजे एक रोप. कॉलेजात या पानांवर माझा एकही आलेख कधी नीट आला नव्हता. हा पहिल्या फटक्यात आला.

८ सप्टेंबर

लावलं! पहाटेच टेम्पोने ट्रे नेले. दोऱ्या ताणून, चुन्याच्या रेघा मारून आधी अक्षरांची जागा आखली, मग सावळी रोपं आत, हिरवी बाहेर. नंतर पाणी मारून चुना घालवला. टेम्पोवाला बिडी ओढत उभा होता. त्याने विचारलं, "दोन जाती मिसळल्यात काय?" मी म्हणालो, "जाळीखालची आहेत, कमीजास्त असतात." त्याने मान डोलावली. "हां, आत्ता तर सगळी सारखीच मळकी दिसतायत."

दुपारी ती डबा खायला खाली आली. मी गुडघ्यापर्यंत चिखलात.

"काय लावताय?"

"नुसतं हिरवं," मी म्हणालो. या दोन शब्दांत मी जेवढा अर्थ भरला तेवढा कुणी पुऱ्या पत्रातही भरला नसेल.

"छान," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण उघडलं.

२५ सप्टेंबर

रोपांनी जोर धरला. पहिल्यांदा कात्री फिरवली. वाफा सपाट, गच्च, अगदी गालिचा. पलंगावरून मामा विचारत असतो, "उन्हाने रंग चढला का रे?" मी सांगतो, "चढला, चढला." हिरव्याला आणखी काय रंग चढणार?

खिडकीत ती दिसते. काही दिसल्याचं चिन्ह नाही.

३ ऑक्टोबर

रस्त्यापलीकडच्या पायरीवर उभा राहून मी स्वतःच पाहिलं. पाठ असल्यामुळे अक्षरं कळतात, नाहीतर हराम! फारच पुसट झालंय. मी कुजबुजायला गेलो आणि आवाजच फुटला नाही, असं काहीसं.

बाकी वाफ्याचं कौतुक मात्र जोरात आहे. येणारे-जाणारे थांबून बघतात. बेकरीवाला दुकान सोडून बाहेर येतो. दवाखान्याचा वॉचमन मला सलाम ठोकायला लागलाय, तोही दात काढून. "कमाल आहे तुमची, माळीबुवा! आपल्याच्याने नसतं झालं." साध्या हिरव्या रंगाची एवढी कदर करणारी माणसं अजून आहेत, याने बरं वाटलं.

७ ऑक्टोबर

उपाय केला. राहिलेले सावळे ट्रे नेऊन प्रत्येक अक्षर दुप्पट जाड केलं. मात्रा तर चांगली हातभर. आता तरी दिसेल.

मी काम करत होतो तेव्हा एक आजोबा काठी टेकत आत चालले होते. वाफ्यापाशी थांबले, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले आणि माझ्यावर उखडले. "अरे, निदान 'म्हणा' तरी लिहायचं! वयाचा काही मान?" मी 'हो आजोबा' म्हणालो. मोतीबिंदूच्या माणसाला काय काय दिसत असेल, कोण जाणे.

...हे लिहिल्यावर जरा थांबलो. 'म्हणा'? पण मग विचार केला, योगायोग.

१० ऑक्टोबर

तिच्या खिडकीला पडदा लागलाय. चार दिवस झाले, सारखा बंद. म्हणजे मी अक्षरं जाड केली त्याच दिवसापासून. काय माझं टायमिंग! आता ती वाफ्याकडे बघणारच नाही, आणि मी तिथे एवढी हातभर मात्रा लावून बसलोय.

१५ ऑक्टोबर

आज वही दोनदा उघडून मिटली. रागाने नव्हे. राग ओळखीचा आहे, हे काहीतरी दुसरंच आहे.

डॉक्टरांनी बोलावलं. खोलीत शिरताच म्हणाले, "हे काय लिहून ठेवलंय माझ्या दारात?"

मी विचारलं, "तुम्हाला... दिसलं?"

"मला? समोरच्या बेकरीवाल्याला भट्टीपाशी बसून दिसतंय! मी पेशंटना विचारतो, ऑपरेशन करायचं का, तर म्हणतात, बाहेर लिहिलंयच की, हो म्हण! दोघे तर त्यामुळे तयार झाले, ते जाऊ दे. पण मी नुसतं हिरवं सांगितलं होतं. हे कुणासाठी आहे ते इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या मुलीला खाली डबा खायला यायची चोरी झालीय. उद्या संध्याकाळपर्यंत एकेक रोप निघालं पाहिजे. नाहीतर तुझ्या मामाला सांग, नवी बाग विसरा."

बाहेर आलो तर जिन्यात तीच उभी. तिला एवढं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तिला मी मुळात पाहिलंच होतं किती!

"सगळ्या जगाला दाखवायच्या आधी मला एकदा विचारावंसं वाटलं नाही? मी वर बसलेय आणि खाली लोक वाचतायत, हसतायत, मग मान वर करून माझ्या खिडकीकडे बघतायत. रोज! वरून तू आणखी जाड केलंस!"

मला तिने 'तू' म्हटलं, हे या गडबडीतही माझ्या लक्षात आलं. मी म्हणालो, "अगं, जगाला नाही. फक्त तुलाच दिसावं म्हणून तर..."

"फक्त मला? लालभडक अक्षरांत?"

"लाल कुठे आहे त्यात?"

ती पुढचं काहीतरी बोलणार होती, थांबली. माझ्याकडे बघत राहिली. थट्टा करतोय का, हे बघत असावी. मग हळू आवाजात म्हणाली, "वर चल."

वरच्या खोलीत तिने कपाटातून एक पुस्तक काढलं. पानापानावर नुसते ठिपके, मोठे, छोटे, गोल.

"यात कुठला आकडा आहे?"

"आकडा कुठे आहे? ठिपके आहेत."

तिने पान उलटलं. "यात?"

"ठिपके."

"यात?"

माझा आवाज चढला. "चेष्टा पुरे. आकडा असेल तर मला दिसेल. माझी नजर उत्तम आहे, तूच म्हणालीस!"

"म्हणाले होते," ती म्हणाली. "अक्षरं वाचायला लावली होती मी. रंग दाखवलेच नव्हते." तिने पुस्तक मिटलं आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली. "लाल आणि हिरवा, दोन्ही तुला जवळजवळ सारखेच दिसतात. जन्मापासून. आजार नाही तो, आणि तुझी चूकही नाही."

त्या पुस्तकाशीसुद्धा भांडावंसं वाटलं. खरंच तोंड उघडलं होतं. मग एकदम तो क्रोटन आठवला. मोजे आठवले. आणि चंबू. सगळा वर्ग त्या चंबूकडे बघत होता आणि मी एकटाच दुसरीकडे कुठेतरी उभा होतो, छाती काढून.

मी कुजबुजतोय असं समजून गावभर ओरडत होतो. इतके दिवस, हातभर मात्रेसह.

मी एवढंच म्हणालो, "म्हणजे बेकरीवाल्यालाही?"

ती हसू आवरत होती की रडू, मला कळलं नाही. माझ्या नजरेवर आता माझाच भरवसा नाही.

१५ ऑक्टोबर, पुन्हा

मामाला सांगितलं. आधी ओरडला, मग पलंगावर उठून बसला, कंबरेची पर्वा न करता. म्हणाला, "अण्णा. आमचे अण्णा असेच होते. कच्चे टोमॅटो तोडून आणायचे आणि आईवर डाफरायचे, पिकलेत म्हणून. आम्हाला वाटायचं, स्वभावच तिरसट."

मामी उठली. माझे मोजे घेतले आणि जोड्या लावत बसली.

१६ ऑक्टोबर

सकाळी खुरपं घेऊन वाफ्यापुढे बसलो आणि लक्षात आलं की मला काढता येणार नाहीत. कात्रीने सगळं एका पातळीवर आलेलं. चौकटीचा कागद होता, पण अक्षरं जाड करताना मी कागद कुठे पाहिला होता? एक रोप उपटायचं आणि भलतंच निघायचं. वॉचमन म्हणाला, "माळीबुवा, ते हिरवं होतं." बेकरीवाला रस्त्यापलीकडून ओरडला, "डावीकडचं! त्याच्या डावीकडचं!" माझ्या प्रेमाला आता मार्गदर्शन करायला एवढी माणसं होती!

मग ती आली. साडी खोचलेली, हातात जुने रबरी मोजे. कुणाकडे न बघता शेजारी उकिडवी बसली.

"हे. हे. हे नाही. हे."

अगदी त्याच आवाजात. मी उपटत गेलो. बेकरीवाला थोडा वेळ बघत राहिला आणि मग त्याचा पाव जळाला असावा, आत पळाला.

उजवीकडून सुरुवात केली. 'ण' गेला. त्याचा उभा दांडा पडला तेव्हा मला जरा वाईट वाटलं. 'म्ह' काढायला वेळ लागला, जोडाक्षर असल्यामुळे. मधेच तिने विचारलं, "तुला ही दोन्ही पानं कशी दिसतात? खरं सांग."

"सारखीच. ही जरा सावळी."

"आणि मी?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला बघताना काय दिसतं? ही साडी कुठली आहे ते कळतंय का?"

"नाही," मी म्हणालो. "पण तू बोलताना पापणी आधी हलते आणि शब्द मागून येतो. आणि खोटं हसतेस तेव्हा फक्त डावा गाल."

तिने एक रबरी मोजा काढला आणि पुन्हा घातला. हे मी का बोललो? जिथे गप्प बसायचं तिथे मी नेमका तोंड उघडतो. मी पुढचं अक्षर काढायला सरकलो, तर ती म्हणाली, "इकडचं मी बघते. तू खड्डे भरायला माती आण आणि हिरवे ट्रे आण."

माती मागच्या बाजूला होती. दोन फेऱ्या झाल्या. परत आलो तर ती हात झटकून उभी होती. "झालं."

"सगळं?"

"मला हवं तेवढं झालं." असं काहीतरी म्हणाली. मी तेव्हा ट्रे सांभाळत होतो.

मी मोकळ्या जागी हिरवी रोपं लावली, पाणी घातलं. समोर नुसता हिरवा वाफा. मला तो आधीही तसाच दिसत होता म्हणा. ती जिन्याशी गेल्यावर मी सगळा धीर गोळा करून म्हणालो, "तू उत्तर नाही दिलंस."

ती वळली. "कमाल आहे तुझी," असं म्हणाली आणि वर गेली.

वॉचमनही हेच म्हणायचा. म्हणजे थट्टाच. संपलं. वर गेल्यावर तिने खिडकीचा पडदा मात्र उघडला. हवेसाठी असेल.

काकाच्या गोदामाचं आता वाईट वाटत नाही. सिमेंट सगळ्यांना सारखंच दिसतं.

१७ ऑक्टोबर

सकाळी चहा घेत होतो आणि मामाचा फोन वाजला. डॉक्टर. मामा नुसता "हं... हं... असं?" करत होता. फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

"काम अर्धवट टाकून आलास."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "शक्यच नाही. ती स्वतः शेजारी बसली होती. झालं म्हणाली!"

"एक अक्षर तसंच आहे. लालभडक. जाणारा-येणारा वाचतोय. डॉक्टर म्हणाले, तेवढं राहू दे, ती मुलगी सकाळपासून हट्ट धरून बसलीय. आणि आम्हाला परवा नव्या इमारतीकडे बोलावलंय."

मामाचं शेवटचं वाक्य मी धड ऐकलंही नाही. वही ओढून बसलोय, कारण मी रागात बोललो की चंबू फुटतात, तेव्हा आधी लिहून काढलेलं बरं. माझे डोळे कच्चे, मान्य. पण तिचे? लोकांना नीट दिसतं की नाही हे बघणं हे जिचं काम, तिला एवढं मोठं अक्षर दिसू नये? वर हट्ट! मला माती आणायला पिटाळलं आणि तेवढ्या वेळात बाईसाहेबांनी केलं काय? नुसत्या उभ्या राहिल्या? आत्ताच्या आत्ता जातो आणि तोंडावर विचारतो. उजवीकडून सुरुवात केली होती, 'ण' माझ्या हाताने गेला, 'म्ह' माझ्या हाताने गेला, मग राहिलं तरी

मामी दारात उभी आहे. माझ्या पायांकडे बघतेय. मी विचारलं, "मामी, कुठलं अक्षर राहिलंय म्हणाले?"

"पहिलं," मामी म्हणाली. "आणि जाताना मोजे बदलून जा."